ध्रुवावरचा बर्फ आणि समुद्राची चढती पातळी



गेल्या गळीत हंगामातली गोष्ट आहे. काट्यावर गाड्यांची रांग लागली होती, म्हणून तीन-चार सभासद मंडळी नंबर येईपर्यंत फाटकासमोरच्या रसवंतीवर बसली होती. आम्हीही तेथेच होतो. कोणीतरी वर्तमानपत्रातली बातमी मोठ्याने वाचली. ध्रुवावरचा बर्फ वितळतो आहे, समुद्र वाढतो आहे, मुंबईला धोका आहे, अशी ती बातमी. त्यावर एक वयस्कर सभासद, ज्यांना आम्ही सगळे तात्या म्हणतो, हातातला ग्लास वर करून म्हणाले, "ह्यो बघा. ह्यात बर्फाचा खडा तरंगतोय. ह्यो इरघळला म्हणून रस काय ग्लासाच्या भाईर सांडणार हाय व्हय? मग समुद्रातला बर्फ इरघळून समुद्र कसा चढंल?"

मंडळी हसली. आम्हीही हसलो, पण उत्तर काही चटकन देता आले नाही. घरी येऊन पुस्तके चाळली, अहवाल वाचले, कॉलेजात भूगोल शिकवणाऱ्या एका स्नेह्यांना त्रास दिला. त्यातून जे कळले ते सभासदांपुढे मांडत आहोत. ऊस, खत आणि पाणी सोडून हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. तात्यांनी तो प्रश्न का विचारला हे आम्हाला नंतर कळले, ते शेवटी सांगू.

प्रथम हे सांगितले पाहिजे की तात्यांचे म्हणणे बरोबर आहे. तरंगणारी वस्तू आपल्या वजनाइतके पाणी बाजूला सारते. बर्फ पाण्याहून थोडा हलका, म्हणून त्याचा दहावा हिस्सा वर दिसतो आणि बाकीचा बुडालेला असतो. तो वितळला की त्याचे जेवढे पाणी होते तेवढे नेमके त्या बुडालेल्या भागाच्या जागेत मावते. रस होता तिथेच राहतो. उत्तर ध्रुवावर जमीन नाही, तेथे महासागर आहे आणि त्याच्यावर काही मीटर जाडीचा बर्फ तरंगतो. तो सगळा वितळला तरी समुद्राची पातळी म्हणण्यासारखी वाढणार नाही. (बर्फाचे पाणी गोडे आणि समुद्राचे खारे, म्हणून अगदी किंचित फरक पडतो, पण तो हिशेबात धरण्याइतका नाही.)

पण आता असे समजा, की रसवंतीवाल्याने पेटीतून आणखी एक खडा काढला आणि भरल्या ग्लासात टाकला. पातळी त्या क्षणी चढेल. खडा वितळायची वाटही बघावी लागणार नाही. सगळी मेख येथे आहे. ग्लासातल्या बर्फाने काही होत नाही, ग्लासाबाहेरचा बर्फ ग्लासात आला की होते. पृथ्वीवर असा 'ग्लासाबाहेरचा' म्हणजे जमिनीवर टेकलेला बर्फ मुख्यत्वे दोन ठिकाणी आहे. एक ग्रीनलंड, दुसरे अंटार्क्टिका.

किती बर्फ, किती पाणी

ग्रीनलंडवर सुमारे १७ लाख चौरस किलोमीटर जमीन बर्फाखाली आहे. म्हणजे आपल्यासारखे साडेपाच महाराष्ट्र. त्या बर्फाची सरासरी जाडी जवळजवळ कळसूबाईच्या शिखराएवढी, म्हणजे दीड किलोमीटरच्या वर आहे. मधोमध तर ती तीन किलोमीटरच्याही पुढे जाते. अंटार्क्टिकाचा बर्फ भारतासारख्या चार देशांवर अंथरून उरेल एवढा, आणि सरासरी सुमारे दोन किलोमीटर जाड. एवढ्या मोठ्या बर्फाला हिमचादर म्हणतात. चादर हा शब्द आम्हाला काही फारसा पटत नाही, कारण दोन किलोमीटर जाडीची चादर कोणी पांघरलेली नाही, पण शब्द रूढ झाला आहे.

ग्रीनलंडचा सगळा बर्फ समुद्रात गेला तर जगातला समुद्र सुमारे ७.४ मीटर वाढेल. अंटार्क्टिकाचा सगळा गेला तर सुमारे ५८ मीटर. घाबरायचे कारण नाही, हे सगळे आपल्या किंवा नातवंडांच्या हयातीत होणार नाही. हे आकडे फक्त कोठारात माल किती आहे ते सांगतात. आपल्याला बघायचे आहे ते कोठारातून रोज बाहेर किती जातो.

हे आकडे डोक्यात बसावेत म्हणून आम्ही आपल्या माहितीतले माप घेतले. पृथ्वीवरच्या समुद्राचे क्षेत्र सुमारे ३६ कोटी चौरस किलोमीटर आहे. त्याच्यावर एक मिलिमीटर, म्हणजे नखाच्या जाडीएवढा पाण्याचा थर द्यायचा झाला तर सुमारे ३६० अब्ज टन पाणी लागते. कोयना धरण पूर्ण भरले म्हणजे १०५ टी.एम.सी., अर्थात जवळजवळ तीन अब्ज टन पाणी. म्हणजे समुद्र एका मिलिमीटरने वाढवायला १२० कोयना धरणे रिकामी करावी लागतात. 'समुद्र काय, मिलिमीटर-मिलिमीटरनेच वाढतोय' असे जेव्हा आपण ऐकतो तेव्हा हा हिशेब ध्यानात ठेवावा.

१९९२ ते २०२० या काळात ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका या दोघांनी मिळून सुमारे ७,५६० अब्ज टन बर्फ गमावला. म्हणजे अडीच हजार कोयना. समुद्र त्यामुळे सुमारे २१ मिलिमीटर वाढला. त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश वाटा ग्रीनलंडचा आहे.

जमा आणि खर्च

हिमचादरीचा व्यवहार आपल्या ताळेबंदासारखा चालतो. दरवर्षी वर बर्फ पडतो ती जमा. वितळून पाणी वाहून जाते, आणि कडेचा बर्फ तुटून समुद्रात पडतो, तो खर्च. जमा आणि खर्च सारखे असतील तोवर समुद्रालाही काही कळत नाही. बर्फ पडत नाही म्हणून तोटा होतोय असे कोणी समजू नये. बर्फ पडतोच आहे. खर्च वाढला आहे.

हा खर्च मोजला कसा, हे आम्हाला फार नवलाचे वाटले. वजनकाट्यावर गाडी घालून बर्फ तोलता येत नाही. पण २००२ साली अमेरिका आणि जर्मनीने 'ग्रेस' नावाचे दोन उपग्रह सोडले. एकामागून एक, सुमारे २२० किलोमीटर अंतर ठेवून ते पृथ्वीभोवती फिरत. जेथे खाली वस्तुमान जास्त तेथे गुरुत्वाकर्षण जरा जास्त. अशा जागेवर आधी पुढचा उपग्रह येई आणि किंचित ओढला जाई, त्यामुळे दोघांमधले अंतर केसाच्या जाडीहूनही कमी इतके बदले. तो बदल मोजून खालच्या बर्फाचे वजन काढायचे. शास्त्रज्ञ मंडळींनी या जोडीला टॉम आणि जेरी अशी नावे दिली होती. २०१७ मध्ये त्यांचे काम संपले, २०१८ पासून दुसरी जोडी तेच काम करते आहे. आपल्या काट्याबद्दल सभासदांच्या तक्रारी येतात, पण या आकाशातल्या काट्यात खोट काढणे अवघड आहे. विमानातून आणि इतर उपग्रहांवरून बर्फाची उंची निराळी मोजली जाते, आणि दोन्ही हिशेब जुळतात.

या काट्यानुसार २००२ पासून ग्रीनलंड वर्षाला सरासरी सुमारे २७० अब्ज टन बर्फ गमावत आले आहे. आपल्या राज्यातल्या सगळ्या कारखान्यांचे मिळून एका हंगामातले गाळप दहा कोटी टनांच्या आगेमागे असते. असे अडीच हजारांहून जास्त हंगाम गाळप करावे तेव्हा ग्रीनलंडच्या एका वर्षाच्या घटीइतके वजन भरेल. २०१९ हे वर्ष तर फारच वाईट गेले, तेव्हा पाचशे अब्ज टनांहून अधिक बर्फ गेला.

ग्रीनलंडचा खर्च दोन वाटांनी होतो, आणि दोन्ही वाटा जवळजवळ निम्म्या-निम्म्या आहेत. पहिली वाट सोपी. उन्हाळ्यात वरचा बर्फ वितळतो आणि पाणी वाहून जाते. जुलै २०१२ मध्ये काही दिवस हिमचादरीच्या जवळजवळ सगळ्याच पृष्ठभागावर, ९७ टक्के भागावर, वितळण सुरू झाले होते. १४ ऑगस्ट २०२१ रोजी तीन हजार दोनशे मीटर उंचीवरच्या शिखरावर बर्फ न पडता पाऊस पडला. तेथे माणसे नोंद ठेवू लागल्यापासून असे कधी झाले नव्हते. आणि यात एक वाईट चक्र आहे. पांढरा बर्फ ऊन परतवून लावतो. तो ओला, मळका, काळपट झाला की ऊन शोषू लागतो, म्हणजे आणखी वितळतो. शिवाय बर्फाचा डोंगर वरून खचत गेला की त्याचा माथा खालच्या, जास्त उबदार हवेत येतो. महाबळेश्वरहून पसरणी घाट उतरून वाईला आलो की स्वेटर काढावा लागतो, तसेच हे.

दुसरी वाट बर्फ वाहण्याची. बर्फ घट्ट, तरी तो वाहतो, यावर आमचा आधी विश्वास बसेना. गुऱ्हाळावर परातीत दाट काकवी ओतली की ती स्वतःच्या वजनाने हळूहळू कडेला सरकते ना, तसा हा बर्फ मधून कडेला सरकत असतो. कडेला डोंगरांच्या मधून तो वेगाने समुद्राकडे येतो, त्याला हिमनदी म्हणतात. ग्रीनलंडच्या पश्चिमेला इलुलिसाट गावाजवळ याकोब्सहावन नावाची हिमनदी आहे. १९१२ साली टायटॅनिक बोट ज्या हिमनगावर आपटली तो ग्रीनलंडच्या याच बाजूकडून आला असावा असे मानतात. २०१२ च्या उन्हाळ्यात ही हिमनदी दिवसाला ४६ मीटर या वेगाने समुद्राकडे सरकत होती. दिवसाला ४६ मीटर म्हणजे उभ्या उभ्या डोळ्यांना दिसेल असा वेग! २०१६ नंतर काही वर्षे तिचा वेग बराच कमी झाला. कारण काय, तर तिच्या पायाशी येणारे समुद्राचे पाणी त्या काळात थंड झाले होते. म्हणजे वरच्या हवेइतकीच खालच्या पाण्याची उष्णताही या नद्यांना धरते किंवा सोडते.

अंटार्क्टिकाची पडवी

येथे एक शंका मनात येते. आपल्या देशाची पहिली तुकडी डॉ. सय्यद जहूर कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली आणि जानेवारी १९८२ मध्ये अंटार्क्टिकावर उतरली. पुढे तेथे 'दक्षिण गंगोत्री' हे ठाणे उभारले. ते ठाणे काही वर्षांतच बर्फाखाली गाडले गेले आणि १९९० मध्ये सोडून द्यावे लागले. आता आपली 'मैत्री' आणि 'भारती' ही ठाणी खडकावर उभी आहेत. मग जेथे घरेच्या घरे बर्फाखाली जातात तेथला बर्फ कमी होतोय, हे कसे मानायचे?

उत्तर त्या जमाखर्चातच आहे. अंटार्क्टिका एवढी थंड आहे की वरचा बर्फ फारसा वितळतच नाही. जमा चालू असते. काही वर्षी ती फार मोठी होते. २०२१ ते २०२३ या काळात जोरदार हिमवर्षाव झाल्याने तेथले वजन काही काळ वाढलेही. पण दीर्घ मुदतीचा खर्च कडेला, समुद्राच्या पाण्याशी होतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही कारण तो बर्फाच्या खालून होतो.

अंटार्क्टिकाचा बर्फ जमिनीवरून सरकत समुद्रात येतो तेव्हा लगेच तुटत नाही. तो पाण्यावर तरंगत पुढे शेकडो मीटर जाडीची पडवी काढतो. शास्त्रज्ञ त्याला 'आइस शेल्फ' म्हणतात, आम्ही पडवीच म्हणू. आपली दक्षिण गंगोत्री अशाच पडवीवर उभी केली होती. ही पडवी तरंगणारी, म्हणजे तात्यांच्या ग्लासातली. ती मोडली तरी समुद्र वाढत नाही. पण ती खाडीच्या दोन्ही बाजूंना आणि समुद्रतळाच्या उंचवट्यांना घासून अडकलेली असते, आणि त्यामुळे मागच्या बर्फाला रोखून धरते. काट्यापुढची पहिली गाडी हलत नाही तोवर मागची सगळी रांग उभी असते, अगदी तसे. पहिली गाडी हलली की बघा.

हे खरोखरीच घडलेले आहे. अंटार्क्टिकाचा जो लांब सोंडेसारखा भाग दक्षिण अमेरिकेकडे गेला आहे तेथे 'लार्सन बी' नावाची पडवी होती. २००२ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये, साधारण पाच आठवड्यांत, तिचा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा तुकडा, म्हणजे गोव्याहून जरा लहान एवढा प्रदेश, भुगा होऊन समुद्रात गेला. दहा हजार वर्षांहून अधिक काळ ही पडवी टिकून होती. ती मोडल्याने त्या दिवशी समुद्र वाढला नाही. पण पुढच्याच वर्षापर्यंत तिच्या मागच्या काही हिमनद्या आधीच्या आठपट वेगाने वाहू लागल्या. तो बर्फ मात्र जमिनीवरचा होता, ग्लासाबाहेरचा.

जॉन मर्सर नावाच्या शास्त्रज्ञाने १९७८ सालीच लिहून ठेवले होते की हवा तापू लागली तर धोक्याची पहिली खूण म्हणजे या सोंडेवरच्या पडव्या उत्तरेकडून एकेक मोडू लागतील. १९८७ मध्ये ते वारले. १९९५ मध्ये 'लार्सन ए' मोडली, २००२ मध्ये 'लार्सन बी'. आपले भाकीत खरे ठरलेले पाहायला ते राहिले नाहीत. त्यांच्या हयातीत अनेकांनी त्यांना भय पसरवणारा म्हटले होते.

मर्सर यांची खरी काळजी वेगळीच होती. पश्चिम अंटार्क्टिका. तेथला बर्फ जमिनीवर टेकलेला आहे खरा, पण ती जमीनच समुद्रसपाटीच्या खाली आहे. म्हणजे जाड बर्फ स्वतःच्या वजनाने समुद्रतळावर बसलेला आहे. शिवाय ही जमीन किनाऱ्यापासून आत जावे तशी आणखी खोल होत जाते, परातीसारखी. तेथे थ्वेट्स नावाची हिमनदी आहे. तिचे क्षेत्र महाराष्ट्राच्या साठ टक्क्यांहून थोडे जास्त, आणि समुद्राकडचे तोंड सुमारे १२० किलोमीटर रुंद. इंग्रजी वर्तमानपत्रांनी तिला प्रलयाची हिमनदी असे नाव दिले आहे. असली नावे आम्हाला आवडत नाहीत, त्यांनी माणूस घाबरतो आणि विचार करायचे सोडतो. पण तिची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे.

महासागराच्या खोल थरातून एक उबदार प्रवाह तिच्या पायाशी पोचतो. उबदार म्हणजे किती, तर शून्याच्या वर एखादा अंश. आपल्याला ते थंडगार. पण खारे पाणी शून्याखाली जवळजवळ दोन अंशांपर्यंत गोठत नाही, आणि त्या बर्फाच्या मानाने हे पाणी गरमच म्हणायचे. ते खालून बर्फ खाते. ज्या रेषेवर बर्फाचा पाय जमिनीवरून सुटून तो तरंगू लागतो, ती रेषा त्यामुळे मागे मागे सरकते. आणि मागे जमीन खोल आहे, तेथला बर्फ जास्त जाड आहे. पाय जितका मागे सुटेल तितका जास्त बर्फ सुटतो. पायऱ्यांच्या विहिरीत कोणी पाठमोरे उतरत जावे, तशी ही चाल आहे.

२०१८ पासून ब्रिटन आणि अमेरिकेच्या शास्त्रज्ञांनी मिळून या हिमनदीचा अभ्यास केला. जानेवारी २०२० मध्ये त्यांनी सुमारे सहाशे मीटर जाडीच्या बर्फातून गरम पाण्याच्या झोताने बोअर मारला आणि त्यातून पेन्सिलीच्या आकाराचे एक यंत्र खाली पाण्यात सोडले. त्याला आढळले की जेथे बर्फाचा तळ सपाट आहे तेथे तो अपेक्षेहून कमी वितळतो, पण भेगांतून आणि पायऱ्या-पायऱ्यांच्या कडांवर फार वेगाने वितळतो. म्हणजे बर्फ सगळीकडून सारखा झिजत नाही, तो फटींतून पोखरला जातो. ही एकटी हिमनदी पूर्ण गेली तर समुद्र सुमारे ६५ सेंटिमीटर वाढेल. किती काळात, यावर शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. काही दशकांत कोसळेल असे म्हणणारे थोडे, शतके लागतील असे म्हणणारे अधिक. पण तिचे मागे सरकणे थांबेल असे म्हणणारे कोणी आम्हाला आढळले नाही.

आपल्या किनाऱ्यावर काय

समुद्र फक्त हिमचादरींमुळेच वाढतो असे नाही. पाणी तापले की फुगते, त्याचा वाटा सगळ्यात मोठा. हिमालय, आल्प्स वगैरे पर्वतांवरच्या हिमनद्यांचाही वाटा आहे. २००६ ते २०१८ या काळात समुद्र वर्षाला सुमारे ३.७ मिलिमीटर वाढत होता, त्यातला साधारण एक मिलिमीटर दोन्ही हिमचादरींचा. आज हा वाटा पाव-सव्वापाव आहे. पण २०१० ते २०१९ या दशकात हिमचादरींची घट १९९२ ते १९९९ च्या मानाने चौपट झाली आहे. पाणी किती फुगेल याचा अंदाज बऱ्यापैकी बांधता येतो. हिमचादरींचा बांधता येत नाही.

दुसरी एक गोष्ट फार चमत्कारिक आहे. एवढा मोठा बर्फाचा डोंगर आपल्या वस्तुमानाने भोवतालचे समुद्राचे पाणी स्वतःकडे ओढून धरतो. डोंगर हलका झाला की ओढ कमी होते, आणि ते पाणी सुटून दूर जाते. म्हणून ग्रीनलंडचा बर्फ वितळला की ग्रीनलंडच्या किनाऱ्यावर समुद्र चक्क उतरतो, आणि दूरवर, आपल्यासारख्या उष्ण प्रदेशांच्या किनाऱ्यांवर, सरासरीहून थोडा जास्त चढतो. पश्चिम अंटार्क्टिकाचा बर्फ गेला तरीही तेच. ज्यांच्या दारात बर्फ आहे त्यांना कमी आणि ज्यांनी तो कधी पाहिला नाही त्यांना जास्त, असा हा व्यवहार आहे.

मुंबईत अपोलो बंदराजवळ १८७८ पासून समुद्राची पातळी मोजून ठेवली आहे. आशियातल्या फार जुन्या नोंदींपैकी ही एक. जगाची सरासरी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटर वाढली. पुढे काय? आंतरराष्ट्रीय शास्त्रज्ञ मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे, १९९५ ते २०१४ च्या सरासरीच्या तुलनेत, २०५० पर्यंत साधारण वीस सेंटिमीटर. आपण आता काहीही केले तरी हा आकडा फारसा बदलत नाही. २१०० पर्यंतचा आकडा मात्र बदलतो. कोळसा आणि तेल जाळणे झपाट्याने कमी झाले तर तो २८ ते ५५ सेंटिमीटर, वाढतच गेले तर ६३ सेंटिमीटर ते एक मीटर. आणि हिमचादरींनी दगा दिला तर दोन मीटरही नाकारता येत नाही, असे त्यांनी लिहून ठेवले आहे.

वीस सेंटिमीटर म्हणजे वीतभर. वीतभर पाण्याने कोण बुडतो, असे वाटेल. पण समुद्र वीतभर वाढला की उधाणही वीतभर वरून येते. रायगडकडे पेण, अलिबाग भागात खारजमिनी आहेत. खाडीला बांध घालून पिढ्यान्पिढ्या भात पिकवलेला. उधाणात बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि पुढली काही वर्षे पीक येत नाही. आपल्याकडे जादा पाण्याने जमीन चोपण झाली की काय हाल होतात ते आपण जाणतो. तेथे ते एका रात्रीत होते. जो बांध आजोबांच्या वेळी वर्षातून एखाद्या मोठ्या उधाणाला पुरा पडत होता, तो तेवढाच उंच राहिला तर त्याच्यावरून पाणी जाण्याचे प्रसंग वाढत जाणार.

आता तात्यांचे. त्यांचा धाकटा मुलगा मुंबईत नोकरीला आहे. त्याने खाडीपलीकडे एक तळमजल्याची जागा बघितली आहे आणि तात्यांनी उसाच्या बिलातून रक्कम द्यावी अशी त्याची मागणी आहे. बँकेचे कर्ज वीस वर्षांचे. म्हणून रसवंतीवर तो ग्लास वर गेला होता.

आम्ही हा लेख छापायला देण्याआधी त्यांना वाचून दाखवला. घ्या किंवा घेऊ नका, असे काही आम्ही सांगितले नाही, तेवढे ज्ञान आम्हाला नाही. ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजी त्यानं बिल्डरला इचारायचं ते वेगळंच की. खोल्या किती, पाणी चोवीस तास हाय का, हे सगळं मागनं." आणि नातवाकडून मोबाईल लावून घेऊन त्यांनी मुलाला विचारले, मोठ्या उधाणाला पाणी कुठवर येते, आणि जोते त्याच्या किती वर आहे. मुलाला ते माहीत नव्हते. रविवारी जाऊन बघतो म्हणाला.